वाटेवरच्या खुणा

मनुष्यास लपविण्याची हौस जितकी, तितकीच शोधण्याचीहि. मे २००० मध्यें अमेरिकेनें आपल्या उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि एकदोन दिवसांतच ऑरेगॉन संस्थानांतील डेव्ह अल्मर या गृहस्थांनीं रानांत एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणारानें आंतील वहींत नांव लिहावें, एक वस्तु घ्यावी व एक ठेवावी, एवढाच नियम. हा ‘जिओकॅशिंग’चा खेळ पुढें जगभर पसरला. जुन्या पाट्या, मैलाचे दगड व गांवोगांवचीं प्रसिद्ध स्थळें हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें.

आमच्या घरच्या मुलांनींहि हें वेड घेतलें, आणि सेवाग्रामला जावयाचें ठरतांच तेथें एक डबा लपविण्याचा बेत केला. “ज्यांनीं गुप्तता हें पाप मानलें, त्यांच्याच अंगणांत लपवालपवी करणार कां रे?” असें आजींनीं विचारलें. मुलें हिरमुसलीं. परंतु आजींचें म्हणणें निव्वळ भाबडेपणाचें नव्हतें. तेथील कुटी माती, बांबू व कवेलूंच्या. शोधणारांचे हात त्यांस सोसावयाचे नाहींत. शिवाय जागेच्या धन्याची परवानगी घ्यावी, असें या खेळाचेच नियम सांगतात.

त्यांतील एका प्रकारांत डबा नसतोच. स्थळ हाच ठेवा, आणि उत्तर तेथेंच वाचून वा पाहून द्यावयाचें. तो प्रकार सर्वांस मानवला. आम्हीं प्रश्न काढले. गांधीजी १९३६ सालीं येथें राहावयास आले, तेव्हां गांवाचें नांव शेगांव होतें. मग १९४० सालीं तें कां बदललें? बुलढाण्याकडील शेगांवशीं घोटाळा होऊन पत्रें तिकडे जात, म्हणून! दोन्ही गांवांचीं स्टेशनें एकाच मुंबई-नागपूर मार्गावर आहेत, हें मुलांनीं स्वतः ताडलें. मातीच्या भिंतीवरील ताडाचीं झाडें व मोर कोणाच्या हातचे? मीराबेनच्या. लांकडी पिंजरा कशासाठीं? साप न मारतां पकडून दूर सोडण्यासाठीं. धाकट्यास याच उत्तराचा सर्वांत आनंद झाला.

परततांना नागपुरास १९०७ सालचा शून्य मैलाचा दगड पाहिला. चार घोड्यांकडे मुलांचें लक्ष प्रथम गेलें. पण आजोबांनीं त्यांस चौथऱ्यावर कोरलेलीं गांवांचीं नांवें व मैल वाचावयास लाविलें. मैलांचे किलोमीटर करतांना थोरल्यांचीहि तारांबळ उडाली.

रस्ते रुंद होतात, तेव्हां जुने दगड मातीखालीं जातात आणि त्यांवरील अक्षरांबरोबर गांवाची एक आठवणहि जाते. ते सारेच राखणें आपल्या हातीं नाहीं. पण आपल्या गांवच्या वेशीवर काय कोरलें आहे, हें घरांतील मुलांकडून एकदां वाचवून व उतरवून घेणें कोणासहि अवघड नाहीं. वाचकांनीं येत्या सुट्टींत एवढें करून पाहावें. डबा नसला तरी वही मात्र अवश्य बरोबर असूं द्यावी.