गाडी लावायला जागा

मराठीतले 'लावणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. दिवा लावावा, रोप लावावे, कुंकू लावावे, मुलांना शिस्त लावावी आणि गाडीही लावावी. आमच्या बेळगावकडच्या कानडीतही तीच गत. दिवा लावणे म्हणजे 'दीपा हच्चु', आणि दुकानापुढे स्कूटर उभी केली की आतून हाक येते, "अक्का, इल्ली गाडी हच्चब्याड्री!" ताई, इथे गाडी लावू नका. पण दिव्याला देव्हारा आहे, रोपाला परस आहे. गाडीने कुठे जावे, हे मात्र दोन्ही भाषांत कोणी सांगत नाही. 'इथे नको' एवढेच सांगतात.

मी राहते शहापुरात आणि शिकायला येते टिळकवाडीला. कॉलेज सुटल्यावर घरचे काही ना काही काम असतेच. खडे बाजारातून शिवणाचा दोरा, गणपत गल्लीतून फुले, मारुती गल्लीतून आणखी काही. ही कामे पाच-पाच मिनिटांची, पण गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटे जातात. वाचकहो, तुमचाही अनुभव याहून वेगळा नसेल. शनिवारी तर विचारूच नका. आठवड्याचा बाजार, आसपासच्या गावांतून आलेली माणसे, आणि जवळजवळ प्रत्येकाजवळ एक दुचाकी.

गंमत अशी, की दोन चाकांचे आणि या गावाचे नाते फार जुने आहे. १८८८ साली किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि त्या दुकानापासून सुरू झालेला उद्योग पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला. त्यांच्या नावाचा रस्ता मात्र आजही आपल्या बाजारात आहे. त्या रस्त्यावर आज दुचाकीला उभे राहायला जागा मिळाली, तर आपण दैव समजतो!

दोष गल्ल्यांचा नाही. जोत्याला जोते लागलेल्या या गल्ल्या आखल्या गेल्या, तेव्हा त्यांतून माणसे, बैलगाड्या आणि टांगे जात. आजोबांच्या काळी एका गल्लीत एखादीच स्कूटर असे. १९७२ साली बाजारात आलेली चेतक मिळावी म्हणून लोक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. आज नंबर लावावा लागत नाही. कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या की संध्याकाळी गाडी दारात. दार तेवढेच, गल्ली तेवढीच, गाड्या मात्र घरटी दोन आणि तीन.

कायदा काय म्हणतो, हे एकदा नीट पाहावे म्हणून मी ग्रंथालयात बसले. १९८९ च्या जुन्या नियमांची जागा २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी घेतली आहे. त्यांत गाडी कुठे लावू नये याची यादी आहे. फूटपाथवर नको. पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर नको. चौकाजवळ नको. बसथांब्याजवळ नको. शाळेच्या किंवा इस्पितळाच्या दाराशी नको. दुसऱ्या उभ्या गाडीच्या शेजारी रस्त्याच्या बाजूने नको. कोणाचे फाटक अडवून नको. यांतला एकही 'नको' चुकीचा नाही. पण ही यादी हातात घेऊन बाजारातून चालत गेले, तेव्हा लक्षात आले, की चौक, थांबे, फाटके आणि फूटपाथ वगळल्यावर जे काही उरते ते फार थोडे.

मग पुढे वाचले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ११७ वे कलम आहे. त्याप्रमाणे वाहने कुठे आणि किती वेळ उभी राहावीत, त्या जागा सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायच्या आहेत. म्हणजे 'इथे लावा' असे सांगण्याची तरतूदही कायद्यात आहे! इतकेच नव्हे, तर त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्कूटर आणि मोटारसायकलींच्या वाहनतळासाठी वेगळी पाटी दिली आहे. मनाई सांगणारी निळी तबकडी व तिच्यावरची लाल तिरपी रेघ आपण सगळेच ओळखतो. ती वाचायला ना कानडी लागते, ना मराठी. आमचे बाबा मराठी शाळेत शिकले, त्यांना कानडी पाटी वाचून दाखवावी लागते. पण ही तबकडी त्यांना लांबूनच समजते. दुचाकीची जागा दाखवणारी पाटीही तितकीच सोपी आहे. फक्त ती तबकडीइतकी दिसत नाही.

'इथे लावा' कोणी सांगितले नाही, की दुचाकी कुठे चढते? फूटपाथवर. मोटार सहसा चढू शकत नाही, स्कूटर चढते. आणि इथूनच हा विषय माझ्यापुरता गमतीचा राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. गणपत गल्लीत जाऊन देवासाठी फुले आणणे हा तिचा लग्नापासूनचा नेम. रिक्षाने कोपऱ्यापर्यंत जायचे आणि पुढे काठी टेकत चालायचे, असे ठरले. पहिल्याच दिवशी तिने मोजले, वीस पावलांत तीन वेळा फूटपाथवरून खाली उतरावे लागले. प्रत्येक उतरणे म्हणजे गुडघ्याला एक कळ, आणि उतरल्यावर अंगाशी येणारी रिक्षा. चौथ्या दिवशी तिची काठी एका आरशाला लागली आणि गाडीवाला तरुण म्हणाला, "मावशी, बघून चाला की!" त्यानंतर आई बाजारात जाईना. "रस्ता तर आमचा कधी नव्हताच," ती म्हणाली, "आता कडेची जागाही गेली."

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अडथळा नसलेल्या फूटपाथवरून चालणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. मी ते आईला वाचून दाखवले. तिने चष्मा पुसला आणि विचारले, "मग त्या मुलाने गाडी लावायची कुठे?"

मला वाटते, प्रश्न तिने बरोबर विचारला. तो मुलगा काही चोर नव्हता. कुठल्याशा दुकानात कामाला असेल, बसचे वेळापत्रक त्याच्या कामाच्या वेळेशी जुळत नसेल. त्याला नुसते हाकलले, तर तो पुढच्या गल्लीत दुसऱ्या कोणाच्या आईची वाट अडवील.

हिशेबही अवघड नाही. एका मोटारीसाठी सुमारे पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा आखतात. स्कूटरची लांबी दोन मीटरच्या आत, आणि हँडलसकट रुंदी पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे रस्त्याच्या कडेला एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी सहज मावतात. बाजारात दहा मोटारींची जागा दुचाकींना आखून दिली, तर साठ गाड्या फूटपाथवरून खाली येतील. पुण्याला मावशीकडे गेले, तेव्हा तिथे 'पी १' आणि 'पी २' अशा पाट्या पाहिल्या. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूस गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूस. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषमच, तेव्हा महिना पालटतो पण बाजू पालटत नाही, अशी त्यात एक मौज आहे. पण निम्मा रस्ता मोकळा राहतो, आणि गाडीवाल्याला आज कुठे लावायची ते नेमके कळते.

बेळगावचे नाव २०१६ साली स्मार्ट शहरांच्या पहिल्या यादीत आले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. शहर स्मार्ट कशाने होते, हे थोरामोठ्यांनी ठरवावे. मला एवढे कळते, की दुचाकींसाठी पांढऱ्या रेघा आखायला रंगाचे चार डबे, एक पाटी आणि थोडी इच्छा लागते.

तोवर आपण विद्यार्थी हातावर हात ठेवून बसू नये. दोन्ही विभागांच्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत मराठी आणि कानडी वर्गांतील दहा-दहा जणांनी मिळून एका शनिवारी बाजारात फिरावे. कोणत्या गल्लीत किती दुचाकी उभ्या आहेत, त्यांतल्या किती फूटपाथवर आहेत, आणि कुठे रेघा आखता येतील, ते मोजून एक नकाशा करावा. त्याला ११७ व्या कलमाचा हवाला देऊन कानडी व मराठी अर्ज जोडावा, आणि तो महापालिकेकडे द्यावा. उत्तर येईल की नाही, ते पुढचे पुढे. मोजलेली गोष्ट नाकारणे कोणालाही थोडे जड जाते.

आईने आपल्यापुरती वाट काढली आहे. ती हल्ली सकाळी सात वाजता फुलांना जाते. दुकाने उघडलेली नसतात, स्कूटर आलेल्या नसतात. त्या वेळी फूटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो, असे ती सांगते. तो तिला सायंकाळी पाचलाही दिसावा, एवढेच माझे मागणे.