मेळाव्याची तारीख

म्हसावदच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पुरुषांचा मेळावा ठरत होता. "नाताळाआधीच उरकू," मी ऐटीत म्हणालो. पगारदार माणूस मी. माझे वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरात!

एक वडीलधारे म्हणाले, "गुरुजी, दिवाळी सरली की निम्मे पुरुष गुजरातेत ऊसतोडीला जातात. मेळावा कुणाचा, सतरंज्यांचा?"

मी वरमलो. सातपुड्यात होळीचा ढोल वाजू लागला की माणसे घराकडे वळतात, म्हणून होळीनंतरचा रविवार धरला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती मंडळींत रुजवलेले कीर्तन ठेवले. स्वयंपाकही पुरुषांनीच करायचा. (हे ऐकून सौ. नुसती हसली.)

मग प्रश्न उरला, फडावरच्यांना निरोप कोण देणार? त्यावर बैठक रात्री दहापर्यंत चालली.