मोजके नकार

पत्ते खेळणाऱ्यांत दोन स्वभाव हमखास आढळतात. एकाच्या हाती हुकमाचा एक्का आला की तो पहिल्या संधीला टाकून मोकळा होतो. दुसरा तो एक्का शेवटपर्यंत दाबून ठेवतो आणि समोरच्याचा जीव टांगणीला लावतो. मेंढीकोटात मात्र वाटणारा जी पाने देईल त्यांवरच दोघांनाही भागवावे लागते. पण ज्या खेळात स्वतःची पाने स्वतःच निवडून आणायची असतात, तिथे माणसाचा स्वभाव डाव मांडण्याच्या आधीच उघडा पडतो.

असा एक खेळ अमेरिकेत ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. त्याचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे प्राध्यापक. प्रत्येक खेळाडूने हजारो निरनिराळ्या पानांतून निदान ६० पानांचा आपला संच, म्हणजे डेक, तयार करायचा. साध्या जमिनींची पाने हवी तितकी घ्यावीत, पण बाकी कोणत्याही पानाच्या चारांहून जास्त प्रती चालत नाहीत. प्रत्येकाचे २० प्राण. पाळीला एक जमीन मांडायची, तिच्यातून शक्ती काढायची आणि त्या शक्तीवर प्राणी बोलवायचे किंवा मंत्र टाकायचे. ज्याचे प्राण संपले तो हरला.

बहुतेकांना सुचतो तो सरळ मार्ग. पहिल्या पाळीपासून लहान लहान प्राणी मांडायचे आणि हल्ला करीत सुटायचे. पण काही खेळाडू याच्या उलट जातात. समोरच्याचे बेत मोडून काढायचे, त्याच्या हातातली पाने संपू द्यायची आणि मग सावकाश जिंकायचे. अशा संचाला ‘कंट्रोल डेक’ म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या मध्याला कॅलिफोर्नियातील ब्रायन वाइसमन या खेळाडूने असा एक संच बांधला आणि तो इतका गाजला की लोक त्याला नुसते ‘द डेक’ म्हणू लागले. त्यात जिंकून देणारे प्राणी होते अवघे दोन, ‘सेरा एंजल’ नावाचे देवदूत. बाकी सारी पाने टिकून राहण्यासाठी, समोरच्याला अडवण्यासाठी आणि आपल्या हातात त्याच्यापेक्षा जास्त पाने राहतील याची तजवीज करण्यासाठी. वाइसमनचे म्हणणे असे, की ज्याच्याकडे पर्याय जास्त उरतात, तो उशिरा का होईना, जिंकतोच.

ऐकायला हे सोपे वाटते. बांधायला बसले की कळते की सारा मामला हिशेबाचा आहे. निळ्या-पांढऱ्या रंगांचा जुना, साधा संच घ्या. ‘काउंटरस्पेल’ची चार पाने. हे पान समोरच्याचा मंत्र तो टाकतो त्याच क्षणी रद्द करते. ‘रॅथ ऑफ गॉड’ची चार. हे पान मांडलेले सगळे प्राणी, आपले आणि त्याचे, एका फटक्यात नाहीसे करते, पण त्याला चार जमिनींची शक्ती लागते. ‘सोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ची चार. हे एका जमिनीत एक प्राणी हटवते, फक्त त्या प्राण्याच्या बळाइतके प्राण त्याच्या मालकाला मिळतात. तलवारीचा नांगर केला म्हणजे शेतकऱ्याचे पोट भरायचेच! शिवाय दोन देवदूत, पाने ओढून देणारे काही मंत्र आणि जमिनी.

जमिनी किती घ्याव्यात, हा पहिला घरगुती पेच. ६० पानांत २४ घेतल्या तर पहिल्या १० पानांत सरासरी बरोबर चार येतात. पण सरासरी म्हणजे भरवसा नव्हे. कधी पाच येतात, कधी तीनच. चौथ्या पाळीला चार जमिनी लागणाऱ्या पानावर ज्याची भिस्त आहे, त्याला २६ घ्याव्याशा वाटतात. मग दोन मंत्र कमी होतात. महिन्याच्या खर्चाच्या वहीसारखेच हे. एका रकान्यात वाढवले की दुसऱ्यात कापावे लागते.

दुसरा पेच याहून बिकट. एखाद्या पानाच्या चारही प्रती घातल्या तरी पहिल्या सात पानांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. आधी खेळणाऱ्याने चौथ्या पाळीपर्यंत १० पाने पाहिलेली असतात, तेव्हा ती सुमारे ५३ टक्क्यांवर जाते. म्हणजे ज्या ‘रॅथ ऑफ गॉड’वर सारा तंबू उभा केला, ते जवळजवळ निम्म्या डावांत वेळेवर हाती नसते. म्हणून एकाच रामबाण औषधावर विसंबून चालत नाही. थोडे-थोडे उपयोगी पडणारे चार-पाच उपाय लागतात.

संच कागदावर जमला की परीक्षा सुरू होते. महागडी पाने आधीच विकत घेण्याऐवजी जाणते खेळाडू चिठ्ठीवर नाव लिहून ती साध्या पानावर चढवतात आणि खेळून पाहतात. हल्ला करणारा संच एकट्याने बसूनही तपासता येतो. कितव्या पाळीला २० प्राण संपतात, एवढेच मोजायचे असते. कंट्रोलचे तसे नाही. तो उत्तरांचा संच आहे आणि प्रश्न विचारणारा समोर असल्याशिवाय उत्तराची किंमत कळत नाही. त्यासाठी मित्र लागतो. तासन् तास तोच तोच झटपट लाल संच घेऊन बसणारा, आपले प्रत्येक पान रद्द होताना पाहणारा आणि तरीही ‘चल, आणखी एक डाव’ म्हणणारा. या संचाची खरी किंमत असा मित्रच मोजतो. कारण दर वेळी ‘नाही’ ऐकणाऱ्याची खेळातली गोडी हळूहळू आटते. म्हणून समजूतदार खेळाडू दहा डावांनंतर संचांची अदलाबदल करतो. त्यात मित्राचा विरंगुळा होतो आणि आपला संच समोरून कसा दिसतो, हेही कळते.

इथेच स्वतःला फसवण्याची मोठी सोय असते. दहापैकी सात डाव जिंकले की संच जमला, असे वाटते. पण ज्या संचाची ताकद नेमकी बरोबरीची आहे, तोही दहात सात किंवा जास्त डाव निव्वळ नशिबाने सहांतून एकदा जिंकतो. उलट चांगला संचही एखाद्या संध्याकाळी पाठोपाठ आपटतो. तेव्हा नुसता निकाल लिहून भागत नाही. आधी कोण खेळले, हातात काय आले, कोणत्या पाळीला डाव फिरला, कोणते पान शेवटपर्यंत हातातच कुजले, हे सारे वहीत उतरवावे लागते. एका वेळी एक-दोनच पाने बदलावीत, नाहीतर गुण कशाने आला ते उमगत नाही. आणि वहीने सांगितले तर लाडके पानही काढावे लागते. हौसेने घातलेले पान काढताना हात जड होतो, पण वही मुलाहिजा ठेवत नाही.

मग सर्वांत कठीण धडा. ‘काउंटरस्पेल’ला दोन निळ्या जमिनी लागतात आणि समोरच्याच्या पाळीला त्या मोकळ्या असाव्या लागतात. म्हणजे स्वतःच्या पाळीत काही न करता बसण्याची तयारी हवी. नवखा घाबरून पहिलाच क्षुल्लक प्राणी रद्द करतो आणि पुढच्या पाळीला खरे संकट येते तेव्हा त्याच्या हातात काही नसते. मुरलेला खेळाडू लहान प्राण्याचे दोन-चार घाव निमूटपणे सोसतो. २० पैकी ८ प्राण उरले तरी डाव गेलेला नसतो; प्राण हेही खर्चायचेच भांडवल आहे. चार नकार आहेत आणि समोरच्याकडे मंत्र पस्तीस. प्रत्येक गोष्टीला नकार देणे शक्य नाही, तेव्हा काय घडू द्यायचे हे आधी ठरवावे लागते. गंमत अशी, की कधीकधी हातात ‘काउंटरस्पेल’ नसतानाही दोन निळ्या जमिनी मोकळ्या ठेवल्या की समोरचा आपणहून थबकतो. मात्र ज्याने पूर्वी योग्य वेळीच नकार दिलेला असतो, त्याच्याच मोकळ्या जमिनींचा असा वचक बसतो. ऊठसूट ‘नको’ म्हणणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तरीही अडवणूक म्हणजे विजय नव्हे. स्पर्धेत तीन डावांच्या फेरीला साधारणपणे ५० मिनिटे मिळतात. सगळे अडवून ठेवले पण जिंकायला वेळ उरला नाही, तर फेरी बरोबरीत सुटते आणि सारी तपश्चर्या अर्धी वाया जाते. म्हणून चाचण्यांच्या शेवटी प्रश्न उरतो तो देवदूत केव्हा मांडायचा, हा. पाच जमिनी त्यावर खर्ची घातल्या की त्या पाळीला नकार द्यायला बहुधा काही शिल्लक राहत नाही. फार लवकर मांडला तर तो मारला जातो, फार उशीर केला तर घड्याळ संपते. नेमका क्षण कोणता, हे टक्केवारी सांगत नाही. शेकडो डाव खेळलेल्यालाही तिथे थोडी भीती वाटते, आणि त्या भीतीसकट त्याला ते पान मांडावे लागते.