मला स्पॅनिश आवडतं!

मंडळी, आधीच कबूल करते. बारावीपर्यंत कॉन्व्हेंट आणि घरातही इंग्रजीच, त्यामुळे माझं मराठी हा मेसमधला हक्काचा विनोद! (हा लेखही रूममेटने तपासलाय.) गेल्या सेमिस्टरला स्पॅनिश घेतलं, म्हटलं तिथे तरी सगळे माझ्यासारखेच अडाणी असतील.

पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे मला कॉफी आवडते. पण पुस्तकं आवडत असतील तर 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. आवडणारी मी एकटीच, मग क्रियापद अनेकवचनी का? पुस्तकात त्यावर दोन पानं. तीनदा वाचली, तिन्ही वेळा डोक्यावरून गेली. रूममेट मराठी माध्यमाची, स्पॅनिशचा गंध नाही. ती पांघरुणातूनच म्हणाली, "अगं, कॉफी आवडते, पुस्तकं आवडतात. यात एवढं काय?"

मी गप्प!

पुढचा धडा. 'वेओ ला कासा', मी घर बघते. पण 'वेओ आ मारिया'! माणूस आला की मध्ये 'आ' हवा. इंग्रजीत असं काहीच नाही, म्हणून पुस्तकात पुन्हा लांबलचक खुलासा. आणि आपण? मी घर बघते, मी मारियाला बघते. आला की नाही 'ला'?

सगळ्यात भारी म्हणजे 'से मे कायो एल वासो'. ग्लास मी पाडला नाही, माझ्या हातून पडला. तसंच 'से मे ओल्विदो'. मी विसरले असं नाही, ते आपलं राहून गेलं. दोष कुणाचाच नाही!

इथे मात्र मी अडकले. कारण 'राहून गेलं' हे माझं नेहमीचं वाक्य. सांगलीच्या आजीला मराठीशिवाय काही येत नाही. बोलताना चुकेन या भीतीने मी फोनच करत नाही आणि कधी तिचाच आला तर म्हणते, "आजी, अगं राहूनच गेलं." राहून वगैरे काही गेलं नव्हतं. मी टाळत होते.

त्याच रात्री फोन लावला. घाईघाईत म्हटलं, "आजी, तुझी खूप आठवण आला."

आजी हसली. "आली गं, आली. उशिरा का होईना, आली!"