गाईडची जागा

संपादकांचा आग्रह होता की पीएच.डी.चा प्रवेश कसा होतो ते सोप्या भाषेत सांगा. भाषा सोपी करता येईल, प्रवेशाचं माझ्या हातात नाही. आमच्या गोंदियाकडे कुणाची 'पेट' किंवा 'नेट' निघाली की घरी पेढे येतात आणि नातेवाईक त्याला लगेच डॉक्टर म्हणू लागतात. परीक्षा म्हणजे नुसतं तिकीट. बर्थ असतो गाईडकडे.

२०२४पासून नेटचे गुण प्रवेशाला चालतात. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांसाठी ७० टक्के भार गुणांना, ३० मुलाखतीला. बर्थ मात्र तेवढेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायकाकडे ४ विद्यार्थी. गाईड कायम नोकरीतला आणि पीएच.डी. झालेला हवा, शिवाय शोधनिबंधांची अट वेगळी. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली, त्यांनी नवा विद्यार्थी घ्यायचा नाही.

मी त्या शेवटच्या रांगेतला. यंदा अर्जुनी-मोरगावची एक मुलगी आली. मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या पाणवनस्पतींवर काम करायचंय, तेही माझ्याकडेच. तिच्या भागात ढिवर समाजातल्या बायांनी तलावातलं बेशरम नावाचं तण उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या, मासे वाढावेत म्हणून. लागवडीनंतर तळाशी नेमकं काय बदलतं, हा तिचा प्रश्न. प्रश्न पक्का आहे. 'माझ्याकडे जागा नाही' म्हटल्यावर ती म्हणाली, "सर, मी थांबते." कशासाठी थांबणार? माझं वय काही मागे जाणार नाही.

या तीन वर्षांच्या नियमावर मी जरा जास्तच बोलतो, असं स्टाफरूमचं मत आहे. नियमाचा हेतू चांगला. गाईड निवृत्त होऊन लेकाकडे पुण्याला गेला आणि विद्यार्थी सह्यांसाठी मागे फिरतोय, हे आम्ही पुष्कळ पाहिलं. पण गणित अर्धंच आहे. पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, वर मुदतवाढ. बरोबर तीन वर्षं उरलेला गाईड तरी शेवटपर्यंत कुठे पुरणार? शहरातल्या मोठ्या विभागात एक दार बंद झालं तर शेजारचं वाजवता येतं. आमच्यासारख्या महाविद्यालयांत माणूस निवृत्त झाला की तासिका तत्त्वावरचा येतो. तो हुशार असेल, माझ्यापेक्षा हुशार असेल, पण कायम नसल्यामुळे गाईड होऊ शकत नाही. म्हणजे माझ्याबरोबर जागा जाते ती जातेच, जिल्ह्यातून एक विषयही जातो. हे मंत्रालयात कुणाला समजावायचं?

मुलीला मी कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. तिथे त्यांना मार्गदर्शक म्हणून श्रीनिवासय्या लाभले. पुढे केंब्रिजमध्ये हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्या डेरेक रिक्टर यांच्याकडे काम करत होत्या, तर रिक्टरच दुसरीकडे गेले. मग त्या रॉबिन हिल यांच्याकडे वळल्या, वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या आणि वनस्पतींतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन त्यांच्या हाती लागलं. १९३९ला पीएच.डी. गाईड बदलला म्हणूनच तो विषय आला.

मुलगी हुशार निघाली. म्हणाली, "सर, त्यांच्या पाठीशी हॉपकिन्सची अख्खी लॅब होती. इथे गाईड बदलला तर तलाव सुटेल."

तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. नागपूरला ज्यांच्याकडे जागा आहे, ते बियांच्या उगवणीवर काम करतात. मी सुचवलं, पाणवनस्पतींचं बीही तळाच्या गाळातच पडून असतं. तलावातला गाळ काढताना ते किती उरतं, कुठलं पुन्हा उगवतं, यावर लिही. तलाव तुझा राहील, पद्धत त्यांची. ती दोन दिवस रुसली, मग गाळाचे नमुने कसे घ्यायचे ते विचारायला आली.

सहमार्गदर्शक म्हणून मला निवृत्तीनंतरही सत्तरीपर्यंत राहता येतं. सिनॉप्सिसमध्ये माझं नाव घालावं, असं तिला वाटतं. मला वाटतं, नव्या माणसाला मोकळं काम करू द्यावं. जुन्या गाईडची सावली असली की विद्यार्थी दोन्हीकडे विचारत बसतो. विषय मंजूर करणाऱ्या आरआरसीच्या बैठकीला वेळ आहे, आणि आमचं अजून एकमत झालेलं नाही.