याप्य

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील ‘निम्हान्स’ १९७४ साली आकाराला आली. त्याच वर्षी ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धीची खोली मोजणारे कोष्टक प्रसिद्ध केले : डोळे उघडणे, बोलणे, हालचाल; त्याच्या आजच्या रूपात किमान गुण ३, कमाल १५. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे हे गुण, वय आणि बाहुल्यांची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया यांवरून डॉक्टर पुढचा अंदाज बांधतात.

बेळगावहून आलेली वृद्ध आई मात्र बाकावरून उठून एवढेच विचारते, “डॉक्टरसाहेब, तो पहिल्यासारखा होईल ना हो?” कोष्टक शंभरांविषयी बोलते, आईला एकाविषयीच ऐकायचे असते. शिवाय जगणे वेगळे, स्वतःच्या हाताने घास घेणे वेगळे. १९७५ साली जेनेट व बाँड यांनी परिणामांच्या पाच पायऱ्या मांडल्या. मृत्यू आणि चांगली सुधारणा यांच्यामध्ये तीन होत्या.

चरकसंहितेला ही मधली जागा ठाऊक होती. इंद्रियस्थानाचे बारा अध्याय अरिष्टलक्षणांना वाहिलेले आहेत. तरी सूत्रस्थानात असाध्यांतही ‘याप्य’ हा प्रकार वेगळा काढला आहे. तो विकार समूळ जात नाही, परंतु पथ्योपचाराने आयुष्य चालते राहते. मराठीतील ‘कालयापन’ त्याच कुळातले.

घाईने उच्चारलेले निराशेचे भाकीत उपचारच थांबवते आणि स्वतःला खरे करून दाखवते. म्हणून “आई, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू,” हे डॉक्टरांचे उत्तर टाळाटाळीचे नव्हे. ज्ञानाची मर्यादा जाणून दिलेले ते वचन आहे.