आमचे पाय आणि परदेशचा बूट

परदेशीं गेल्यावर कशाकशाची उणीव भासेल, याची एक लांबलचक यादी आम्हीं घर सोडण्यापूर्वीं मनाशीं केली होती. तींत आईच्या हातची भाकरी होती, पहिल्या पावसाचा वास होता, दिवाळीची पहांट होती. पायांतला बूट मात्र त्या यादींत नव्हता. आणि जर्मनींतील एर्लांगेन शहरीं पहिल्या हिवाळ्यांत आम्हांस रडकुंडीस आणिलें तें त्यानेंच.

डिसेंबरांत तेथें सवाचार वाजतांच सूर्य मावळतो. बोलावयास कोणी नाहीं, रात्रीं झोप नाहीं, अशा स्थितींत वरच्या मजल्यावरील एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं आम्हांस जिन्यांत हटकलें. ते दर रविवारीं चार मित्रांसह रेग्निट्झ नदीच्या कांठीं धावावयास जात. "तुम्हीही या," म्हणाले. त्या परक्या गांवांत आम्हांस नांवानें हांक मारणारीं माणसें एवढींच. तेव्हां हें आमंत्रण आम्हांस केवढें वाटलें असेल, तें वाचकांनींच ताडावें. आमच्याजवळ धावण्याचे बूट तेवढे नव्हते.

ही अडचण त्या मुलुखांत पडावी, हीच मोठी गंमत. तेथून जवळच हेर्त्सोगेनआउराख नांवाचें लहानसें शहर आहे. तेथील डासलर बंधू प्रथम एकाच कारखान्यांत खेळाचे बूट करीत. पुढें त्यांचें बिनसलें, आणि १९४८ सालीं रुडोल्फनें 'पूमा' व १९४९ सालीं अडोल्फनें 'आदिदास' अशा दोन कंपन्या निरनिराळ्या थाटल्या. भाऊबंदकी आपल्याकडेच पिकते, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. त्या गांवांत लोक माणसाच्या तोंडाआधीं त्याचे बूट पाहत, असें सांगतात.

आमचे पाय मात्र कोणीं पाहूं नयेत असे. बाळपण शाळेच्या मैदानावर अनवाणी धावण्यांत गेलें; त्यामुळें म्हणा वा वंशपरंपरेनें म्हणा, पाऊल टांचेशीं अरुंद आणि बोटांशीं सुपासारखें पसरट. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दक्षिण भारतांतील अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजले होते. ते जोडे वापरणाऱ्यांच्या पायांहून रुंद भरले, आणि अंगाचा भारही त्यांच्या तळव्यांवर अधिक सारखा पडतो असें दिसलें. हें वाचून आम्हांस पुढें फार बरें वाटलें. त्या वेळीं मात्र दुकानांत मोजे काढतांना, टांचांच्या भेगा त्या तरुण विक्रेत्यास दिसतील म्हणून आम्हीं पाय खुर्चीखालीं ओढून घेतले.

तो बिचारा अतिशय सौजन्यानें वागला. त्यानें आम्हांस फिरत्या पट्ट्यावर धावावयास लाविलें, मागून पावलांचें चित्रण केलें, आणि एकामागून एक सात खोकीं उघडलीं. इंग्लंडचें आणि आपलें आठ नंबरचें माप म्हणजे तेथील बेचाळीस. तेथें दर नंबरास दोन-तृतीयांश सेंटिमीटर वाढतो, आपल्याकडे इंचाचा तिसरा हिस्सा. पण दोन्ही मापें लांबीचींच. रुंदीसाठीं निराळीं अक्षरें असतात खरीं, परंतु त्या दुकानांत माल एकाच रुंदीचा होता. शेवटीं तो म्हणाला, "दोन नंबर मोठा घ्या." आम्हीं चव्वेचाळीस घेतला. पाय आखडत होता रुंदींत, आणि औषध दिलें लांबीचें!

पहिल्याच रविवारीं टांच आंत-बाहेर करूं लागली, पाऊल पुढें घसरून नखें आदळूं लागलीं. तीन मैलांत दोन फोड आले. अंगठ्याचें नख काळें पडलें. पुढचे तीन रविवार आम्ही "सर्दी झाली आहे" असें खोटें सांगून घरीं बसलों. खिडकींतून ते पांचजण नदीकडे जातांना दिसत. पडल्या पडल्या आम्हांस बेळगांवचे फडेप्पा चौगुले आठवत, जे १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकांत मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. आणि १९६० सालीं रोमांत अनवाणी धावून तीच शर्यत जिंकणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला. परंतु रोमांत तेव्हां सप्टेंबर होता. आमच्या दाराशीं बर्फ!

चौथ्या रविवारीं त्या गृहस्थांनीं दार ठोठावलें. पट्टी बांधलेला पाय त्यांस दिसला आणि आमची सर्दी उघडी पडली. ते रागावले नाहींत. "संध्याकाळीं पाय किंचित् सुजलेले असतात, माप तेव्हांच द्यावें," म्हणून दुसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेला ते आम्हांस एका वृद्ध कारागिराकडे घेऊन गेले. दुखऱ्या पायांसाठीं जोडे करणारांचा तेथें एक स्वतंत्र परीक्षा दिलेला वर्गच आहे. त्या म्हाताऱ्यानें यंत्र काढिलें नाहीं. जमिनीवर एक कागद पसरला, आम्हांस त्यावर उभें केलें, आणि पेन्सिल सरळ धरून पावलाभोंवती रेघ ओढूं लागला.

अंगठ्याजवळ पेन्सिल येतांच आम्हांस गुदगुल्या झाल्या, आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. लहानपणीं वडील जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर आमचें पाऊल असेंच रेखीत, आणि तो कागद घडी करून खिशांत घालून कोल्हापुरास चपला करावयास जात. म्हातारा थांबला व दुखतें काय, म्हणून विचारूं लागला. आम्हीं मान हालविली.

मग त्यानें आमच्या नव्या बुटांतील सुटी गादी काढून त्या रेघेवर ठेविली. पुढच्या बाजूस पाऊल दोहोंकडून बोटभर बाहेर राहिलें, आणि लांबी उलट शिल्लक! उजवा पाय डाव्याहून थोडा मोठा, हेंही त्यानेंच दाखविलें. खालचीं दोन भोंकें सोडून नाडी ओंवली म्हणजे बोटांस जागा मिळते, हें शिकविलें. आणि बेचाळीसच नंबराचा, पण दोन अक्षरें अधिक रुंद असा बूट मागविण्यास चिठ्ठी लिहून दिली. तो येण्यास तीन आठवडे लागले. त्यानंतरचा एकही रविवार आम्हीं चुकविला नाहीं.

तो कागद आम्हीं मागून घेतला व पत्रांत घालून घरीं पाठविला. वडिलांचें उत्तर आलें : "पाऊल ओळखलें. उजवा अंगठा अजून तसाच बाहेर जातो. पुढच्या महिन्यांत कोल्हापुरास जाणार आहें. जोड करावयास टाकूं काय?"